गवताचा वेढा

माझा बाप गेला तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हे भावकीत अजून बोललं जातं. लग्नकार्यात एखादी म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, "नर्सबाई झाली आन् काळीज दगडाचं झालं." बा दारू प्यायचा म्हणून माझा राग, असं बहुतेकांना वाटतं. दारूचा राग होताच. पण दारू पिणारे बाप आमच्या गावात घरोघर होते आणि त्यांच्या मुली त्यांच्या मढ्यावर ऊर बडवून रडल्या. माझा राग आहे तो बाने ज्या दिवशी दारू सोडली त्या दिवसाचा. सत्तरी ओलांडली तरी तो गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा अशी आता माझी इच्छाही नाही.

आमचं गाव त्र्यंबकच्या पुढे डोंगरात. घर कुडाचं, कारवीच्या काठ्या उभ्या करून वरून शेणमातीने लिंपलेलं. भिंतीला कान लावला की आत वाळवी कुरतडताना ऐकू यायची, आणि मी आणि माझा धाकटा भाऊ रात्री ते ऐकत झोपायचो. आमच्या गावातून सातपूरच्या कारखान्यात लागलेला पहिला माणूस म्हणजे माझा बा, लहानू. तिथे तो हेल्पर होता, लोखंडाचे जड भाग एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचं काम. आठवडाभर तिकडेच, गावाकडच्या पोरांबरोबर एका खोलीत. शनिवारी संध्याकाळी एसटीने त्र्यंबकला उतरून पुढचा डोंगर चालत यायचा. हातात आमच्यासाठी शेव-फरसाणाचा पुडा, अंगाला ग्रीसचा आणि तोंडाला त्या दुसऱ्या गोष्टीचा वास. गावात त्याच्या पगाराचं भारी कौतुक. लहानू कंपनीत आहे, त्याच्या घराला काय कमी, असं लोक म्हणायचे. पण तो पगार सातपूरहून निघून आमच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर फार पातळ झालेला असायचा. त्यातून खताचं पोतं यायचं, कधी पत्रा यायचा, बाच्या सायकलचे सुटे भाग यायचे. रोजची चूल मात्र आईच्या पाटीवर पेटायची.

पुढे नोकरीत मी पाड्यापाड्यावर फिरले. सर्वेक्षणाला आलेली मंडळी दारात उभी राहून विचारायची, घरात कमावणारे किती? डोक्यावरची पाटी खाली उतरवत, घाम पुसत घरातली बाई सांगायची, "एकच, हे काय," आणि ओट्यावर बिडी ओढत बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवायची. पाटीत करवंदं असायची, डिंक असायचा, पळसाची पानं असायची, आणि त्यांतलं काही कमाईत धरावं असं विचारणाऱ्यालाही वाटायचं नाही आणि सांगणारीलाही नाही. मला त्या दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. मी लसीची पेटी घेऊन तशीच पुढच्या घरी जायचे.

माझी आई हौसाबाई वर्षभर जंगलात काही ना काही शोधत असायची. पावसाळ्यात रानभाज्या आणि अळंबी. थंडीत पळसाची पानं आणून बांबूच्या काड्या टोचून त्यांच्या पत्रावळी लावायची आणि त्र्यंबकच्या बाजारात नेऊन विकायची, कारण तिथे यात्रेकरूंच्या जेवणावळींना त्या कितीही लागायच्या. उन्हाळ्यात करवंदं. पण या सगळ्यांच्या वर होता तो मोह. आमच्या वावराच्या बांधावर एक जुना मोह होता, एवढा रुंद की मी आणि भाऊ दोघांनी हात पसरले तरी बुंध्याला मिठी पुरायची नाही. जमीन बाच्या नावावर, म्हणून कागदाने तो मोहही बाचा. पण आमच्याकडे जमीन बाप्यांची आणि मोह बायकांचा अशी रीत होती. होळी जवळ आली आणि फांद्यांना फुलांचे घोस दिसायला लागले की बाई शाकारणीतलं उरलेलं गवत भिजवायची, वळून त्याची जाड दोरी करायची आणि आपल्या मोहाच्या बुंध्याला वेढा बांधायची. एकदा वेढा बांधला की त्या झाडाखाली पडलेलं प्रत्येक फूल तिचं. वाटेवर पडलेलं असलं तरी दुसरी बाई ते उचलायची नाही, लहान पोर तोंडात टाकेल तेवढंच. सासू थकली की एका होळीला ती सुनेला पुढे करून तिच्या हातून वेढा बांधून घ्यायची, आणि तेव्हापासून झाड सुनेचं. आईला तिच्या सासूने लग्नानंतरच्या पहिल्याच होळीला पुढे केलं होतं. बाकी त्या म्हातारीने तिला काही सुखाने दिलं नाही, पण झाड दिलं. आणि त्या वेढ्याला बाप्या माणसांनी कधी हात लावलेला मी पाहिलं नव्हतं. नवराबायकोची कितीही जुंपली तरी पुरुष वेढ्याच्या वाटेला जायचा नाही.

मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. आई उजाडायच्या आत आम्हाला उठवायची. झाडाखालचा पाचोळा तिने आधीच झाडून जमीन स्वच्छ केलेली असायची, आणि त्या जमिनीवर फुलं पडताना टप, टप असा आवाज यायचा, मध्येच वाऱ्याची झुळूक आली की एकदम सर आल्यासारखा. पिवळट, फुगीर, बोटाने दाबलं की गोड चिकट रस सोडणारी फुलं. वास इतका दाट की मला सुरुवातीचे काही दिवस डोकं जड व्हायचं. बुलबुलांचा आणि मैनांचा वर कालवा चाललेला. आई ओणवी होऊन दोन्ही हातांनी वेचायची आणि वेचता वेचता आम्हाला दटावायची, "पाय जपून टाका, तुडवू नका, ते खायचं हे." ऊन वर येईपर्यंत पाट्या भरायच्या. मग सारवलेल्या अंगणात ती पसरायची. काही दिवसांत फुलं मनुकांसारखी तांबूस आणि सुरकुतलेली व्हायची, आणि अंगणातून अनवाणी चाललं की टाचा चिकटायच्या.

वाळलेली फुलं कणगीत जायची. त्यांतली काही घोटीच्या बाजाराला, त्यांच्या बदल्यात मीठ, मिरची, आम्हाला अंगात घालायला कापड. बाकीची आमच्या पोटात. तव्यावर भाजून, खुरासणीबरोबर, म्हणजे कारळ्यांबरोबर उखळात कुटून आई त्यांचे लाडू वळायची. वाल शिजवताना त्यात टाकायची. नागलीचं पीठ कमी असलं की फुलं उकडून त्यात मळायची, आणि त्या काळ्या गोड भाकरीला आम्ही सणाचं जेवण समजायचो, पीठ कमी आहे हे आम्हाला कुठे माहीत. पावसाच्या तोंडाला मोहाची फळं पडायची, त्यांच्या बिया फोडून वाळवून घाण्यावर न्यायच्या, त्याचं तेल वर्षभर जेवणाला, दिव्याला आणि भावाच्या छातीला चोळायला. भात आणि नागली संपायची ती ऐन आषाढात. नवं पीक हाताशी यायला दिवाळी. मधले महिने आम्ही कणगीतल्या फुलांवर काढायचो. बाचा पगार येत होता तेव्हाही.

परवा माझी नात कुठल्याशा प्रदर्शनातून मोहाच्या लाडवांचं खोकं घेऊन आली. वर सोनेरी फीत, झाकणावर डोंगराचं चित्र. "आजी, खाऊन बघ, सुपरफूड आहे!" मी खाल्ला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्यात तूप होतं, आईच्या लाडवात ते कधीच नव्हतं. मुलगा म्हणाला, बघ आई, तुमच्या मोहाला आता किती मान आला, तुला आनंद व्हायला पाहिजे. मला आनंद झाला नाही. ज्या फुलावरून माझ्या आईला भर सभेत खाली बसवलं ते फूल आता फीत बांधून मिळतं, आणि त्या लाडवांचं कौतुक करणाऱ्यांत एकालाही ते माहीत नाही. मी त्याला म्हटलं, मान कुणाला आला, माझ्या आईला की खोक्याला? तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला. आमच्या घरात मी जुनं काढलं की असंच होतं.

आता दारूचं सांगते. गावाखालच्या ओढ्यात भिवा नावाच्या माणसाची भट्टी होती. त्याच्या पिंपात काळा गूळ आणि नवसागर. लोक तिला मोहाची म्हणायचे, पण मोह त्यात नावालाच, कारण आमच्या बायका त्याला फूल द्यायच्याच नाहीत. "पोरांच्या पोटाला ठेवू का त्याच्या पिंपाला घालू?" असं आई म्हणायची. बा तर ती पण प्यायचा नाही, त्याला कंपनीचा तोरा होता. तो सातपूरला दुकानातली चिठ्ठी लावलेली बाटली प्यायचा. म्हणजे आमच्या घरात जी दारू येत होती तिचा आणि बांधावरच्या झाडाचा काडीचा संबंध नव्हता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हे नीट ध्यानात ठेवावं, कारण पुढे सगळ्या गावाने ते विसरल्याचं सोंग केलं.

मी नऊ-दहा वर्षांची असेन, त्या वर्षी शेजारच्या जनाकाकीच्या नवऱ्याने बियाण्याला ठेवलेलं भात उचलून भिवाला नेऊन घातलं. जनाकाकी आमच्या अंगणात येऊन बसली, तिची शेवंता, माझ्याच वयाची, तिच्या पदराला धरून. काकी रडत नव्हती, नुसती बसली होती. आई पत्रावळी लावत होती, ती हातातलं पान खाली ठेवून म्हणाली, "जने, आपण गप बसलो म्हणून हे चाललंय. ऊठ."

"उठून काय करू?"

"मुसळ घे."

दुपारी आळीतल्या सगळ्या बायका ओढ्याकडे निघाल्या, कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या कोयती, एका म्हातारीच्या हातात नुसता खराटा. मी आणि शेवंता मागे पळत होतो. भिवा पाया पडत होता, शिव्या देत होता, दोन्ही एकदम. आईने पहिला घाव घातला आणि पिंप फुटून काळं पाणी तिच्या पायांवरून वाहिलं. जनाकाकी एवढी हसली की तिला ओढ्यात बसावं लागलं. येताना बायका गाणी म्हणत आल्या आणि पुरुष वाटेवरून बाजूला झाले. माझ्या आईला मी इतकं खूश नंतर कधीही पाहिलं नाही. ही बातमी शहरात गेली, आणि तिथूनच सगळं फिरलं.

शहरातून एक पाहुणे आले. दारूबंदीवर गावोगाव भाषणं करायचे, पांढरा सदरा, गोड बोलणं. त्यांचा हेतू वाईट नव्हता असं मला आयुष्यभर अनेकांनी समजावलं आहे. चांगल्या हेतूच्या माणसांनी आमचं जेवढं वाटोळं केलं तेवढं भिवाला जमलं नाही. होळी नुकतीच झाली होती, मोह फुलावर होता, झाडाझाडाला नवे वेढे बांधलेले होते. मारुतीच्या देवळासमोर सभा भरली. देवळापुढे मंडप घालायचं काम तेव्हा निघालं होतं, खड्डे खणून ठेवलेले, खांबांसाठी लाकूड मिळत नव्हतं. पुढे पुरुष बसले, मागे बायका. पाहुण्यांनी आधी बायकांचं कौतुक केलं. मग पुरुषांकडे वळून म्हणाले, "बंधूंनो, भट्ट्या आज फोडाल, उद्या पुन्हा लागतील. फांद्या छाटून काय होणार? दारूचं मूळ कुठे आहे? ते तुमच्या बांधावर उभं आहे! ते तोडायची हिंमत कुणात आहे?"

रविवार होता, म्हणून बा घरी होता. आणि बा उभा राहिला. "भाऊसाहेब, मी लहानू. सातपूरला कंपनीत हे. मारुतीसमोर सांगतो, आजपासून थेंब घेनार नाय. आन् माझ्या बांधावर मोह हे, तो उद्या सकाळी मीच तोडतो. लाकूड मंडपाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी खाली उतरून बाला मिठी मारली. माझ्या बापाला त्याआधी कुणी मिठी मारलेली नसावी, त्याचा चेहरा पार उजळून गेला होता. आणि मागे, बायकांमधून, माझी आई उठली. तिने पदर सारखा केला.

"झाड त्यांचं नाय. माझं हे."

लोक हसले. खरंच हसले. तिला वाटलं आपलं ऐकू गेलं नसेल, म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "सासूनं मला दिलं. मी वेढा बांधलाय त्याला."

पाहुण्यांनी हात जोडले. "ताई, भट्टी तर तुम्हीच फोडलीत! तुमच्यामुळे हे सगळं घडलं. आणि आता तुम्हीच दारूच्या झाडासाठी अडून बसता?"

"दारूचं नाय, भाऊ. ते आमच्या ताटातलं हे. आमी खातो ते."

"सवय असते हो माणसाला. हळूहळू सुटेल."

सुटेल म्हणे. खाण्याची सवय. गावचे कारभारी, ज्यांच्या स्वतःच्या घरात मोहाच्या लाडवांशिवाय बाळंतपण व्हायचं नाही, ते म्हणाले, "हौसे, खाली बस. चांगल्या कामाला अपशकून करू नको." आईने जनाकाकीकडे पाहिलं. मग दुसरीकडे, मग त्या खराट्यावाल्या म्हातारीकडे. वेढा बांधलेला आहे, त्याला हात लावायचा नाही, एवढं एकीने म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर ती दारूच्या बाजूची ठरली असती, आणि कालपरवाच तर सगळ्यांना शाबासकी मिळाली होती. जनाकाकी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. आई खाली बसली.

त्या संध्याकाळी बा शुद्धीवर होता आणि फार प्रेमाने वागत होता. त्याने भावाला मांडीवर घेतलं, जेवताना म्हणाला, "हौसे, आता सुखाचे दिस आले बघ." आईने त्याला भाकरी वाढली.

"तुमाला दारू सोडायची तर दारू सोडा. माझं झाड कशाला सोडता?"

"शब्द दिलाय समद्यांसमोर."

"मग तुमच्या सायकलीचा द्यायचा. पगाराचा द्यायचा. माझ्या झाडाचा कशाला दिला?"

बा म्हणाला, "तुला नाय कळायचं ते," आणि जेवत राहिला. मला मात्र तेव्हाच कळलं होतं, आणि मी काही मोठी नव्हते.

सकाळी आम्ही उठलो तर आई अंथरुणात नव्हती. ती झाडाखाली होती. तिने रोजच्यासारखी फुलं वेचून पाटी भरली होती, आणि जुन्या वेढ्याच्या वर गवताचा दुसरा वेढा बांधला होता, पहिल्यापेक्षा जाड. ती पाटीपाशी बसून राहिली. मग माणसं आली. पुढे डफ वाजत होता, कामाला खाडा करून थांबलेल्या बाच्या कपाळाला गुलाल, खांद्यावर कुऱ्हाड. तो झाडाजवळ गेला, कुऱ्हाड उचलली, आणि थांबला. वेढा नेमका घावाच्या जागेवर होता. डफही थांबला. बाने कारभाऱ्यांकडे पाहिलं, कारभाऱ्यांनी दुसरीकडे. त्यांच्यापैकी एकाचाही हात त्या गवताला लागेना. मला वाटलं, झालं, वाचलं झाड. आईलाही तसंच वाटलं असणार, कारण ती उठून उभी राहिली होती.

तेवढ्यात पाहुणे पुढे आले. "काय अडलं? हे गवत होय?" असं म्हणत त्यांनी दोन्ही वेढे ओढून तोडले आणि बाजूला टाकून दिले, हात झटकले. त्यांना ते काय आहे हे माहीतच नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. आपण नाही काढला, पाहुण्याने काढला. बाने पहिला घाव घातला.

झाड पडायला दुपार झाली. प्रत्येक घावाला वरून फुलं गळत होती, पुरुषांच्या टोप्यांवर, कुऱ्हाडीवर, पाहुण्यांच्या सदऱ्यावर. ते पडलं तेव्हा जमीन हादरली आणि डफ पुन्हा सुरू झाला. घोषणा झाल्या, बाला हार घातला, सगळी मिरवणूक देवळाकडे गेली. आई आडव्या पडलेल्या शेंड्यात शिरली आणि फांद्यांवरची राहिलेली फुलं खुडायला लागली. मी तिच्या मागे गेले. थोड्या वेळाने जनाकाकी आली. मग आणखी बायका आल्या. त्यांनी फुलं खुडली आणि आईच्या पाट्यांत ओतली, एकीनेही आपल्या ओटीत घेतली नाहीत. आईने त्यांच्याकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. जनाकाकी मध्येच म्हणाली, "हौसे, मी काय बोलणार होते?" आई म्हणाली, "काय बोलायचं ते तुला म्हाईत होतं." त्यानंतर त्या दोघी शेजारी राहिल्या, एकमेकींच्या आजारपणात धावल्या, पण हसून बोललेल्या मी पाहिल्या नाहीत.

त्या आठवड्यात आणखी काही जणांनी आपापल्या बायकांचे मोह तोडले. स्वतःचं काहीही न तोडता व्रत घ्यायची ही सोय पुरुषांना फार आवडली होती. मंडप उभा राहिला. पुढच्या खांबावर रंगाने लिहिलं, 'लहानू यांजकडून अर्पण'. बांधावरच्या खोडाला पावसाच्या आधी कोवळे फुटवे आले, ते बकऱ्यांनी खाल्ले.

आणि आषाढ लागला. शेवटची फुलं केव्हाच संपली होती. तेल विकत आणायचं तर दिवा लावायचा की भाजीला घालायचं असा प्रश्न. आई सकाळी नागलीची पातळ आंबील करायची आणि संध्याकाळी त्याहून पातळ. भाऊ कणगीत वाकून बघायचा, तळाला एखादं फूल चिकटलंय का म्हणून. आणि एका शनिवारी, मुसळधार पावसात, बा आला तो झोकांड्या खात. तोच वास, तोच फरसाणाचा पुडा, भिजून लगदा झालेला. त्याने काही महिने पाळलं होतं, नाही असं नाही. तो ताटावर बसला. आईने त्याच्यापुढे आंबील ठेवली आणि शांतपणे विचारलं,

"आता कोणतं झाड तोडता?"

बाने ताट भिरकावलं. आंबील कुडावर उडाली. आईने भिंत पुसली, आणि दुसऱ्या दिवशी माझे दोन परकर पिशवीत भरले. मला तिने आश्रमशाळेत नेऊन घातलं, कारण तिथे दोन वेळचं जेवण होतं. लोक म्हणतात, बघा, हौसाबाईने त्या काळात मुलीला शिकवलं, केवढी दूरदृष्टी. दूरदृष्टी कसली! घरात खायला नव्हतं. भावाला बरोबर घेऊन ती नाशिकजवळच्या मळ्यांत भाजी खुडायला गेली, दुसऱ्याच्या बांधावर, दुसऱ्याच्या शिव्या खात. तिच्या पाठीचा कणा तिथेच वाकला. पुढे नर्स झाल्यावर मी तिला औषधं द्यायचे आणि मनात त्या सदऱ्यावाल्याला शिव्या द्यायचे. मग बाला. मग कारभाऱ्याला. मग जनाकाकीला. रोज तोच क्रम.

ती गेली, बा गेला, जनाकाकी गेली. यंदा होळीला मी गावी गेले होते. देवळाला फरशी झाली आहे, वर स्लॅब आहे, पण तो पुढचा खांब जुना म्हणून कौतुकाने ठेवला आहे, आणि हनुमान जयंतीला दरवर्षी त्यावरचं नाव नव्या रंगाने गिरवतात. मी ते नाव वाचलं. मग भावाच्या गोठ्यात गेले, गवताची मोठी मूठ घेतली, भिजवली. बोटं आता वाकत नाहीत, तरी वळली दोरी, ओबडधोबड झाली. ती आणून मी खांबाला वेढा बांधला, बरोबर नावावर. भावाचा मुलगा धावत आला. तो गावचा सरपंच आहे, चांगला पोरगा आहे.

"आत्या, हे काय करतीस? आजोबांचं नाव झाकतंय ना."

"झाकू दे. झाड माझ्या आयचं हे."

"लोक काय म्हणतील?" असं म्हणत तो वेढा सोडवायला वाकला. देवळाच्या ओट्यावर शेवंता बसली होती, जनाकाकीची शेवंता, तोंडात दात नाही, डोळ्यांना धड दिसत नाही. तिने काठी आपटली.

"हात लावू नको रे. वेढा बांधलाय."

पोराने हात मागे घेतला. लगेच घेतला, काही न विचारता. मला लोक म्हणतात की तेव्हा तरी तुझं मन शांत झालं असेल. शांत कसलं होतंय? तिथे उभ्या उभ्या माझा राग आणखी वाढला. कारण मला दिसलं, ते इतकं सोपं होतं.